ब्लॉक नंबर सात

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मायक्रोटोमचं, म्हणजे पातळ काप घेणाऱ्या यंत्राचं, पातं बदलत होते, तेव्हा आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी आयएचसीच्या, म्हणजे पेशी ओळखायच्या खास स्टेनच्या (रंगांच्या), मागणीचा कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या. एरवी त्या कागद ठेवून निघून जातात. कागदावर मामाच्या केसचा नंबर होता. पुढे ‘ब्लॉक ७’, आणि खाली त्यांच्या तिरक्या अक्षरात यादी: सायटोकेरॅटिन, सीडी२०, सीडी३, सीडी५, सीडी१०, सायक्लिन डी१, केआय-६७.

“तुला जमेल का? नाहीतर तो सोमवारी गावाहून येईपर्यंत थांबू,” मॅडम म्हणाल्या.

‘तो’ म्हणजे माझा सहकारी. मामाच्या जठराचे सगळे ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले तुकडे, तोवर त्यानेच कापले होते, मीच त्याला तसं सांगितलं होतं. आता तो दिवाळीच्या सुट्टीवर होता.

“जमेल,” मी म्हटलं.

मी २२ वर्षं हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे तपासतात त्या विभागात, टेक्निशियन आहे. रिपोर्ट करणं माझं काम नाही आणि मी कधी तसा आवही आणत नाही. पण कोणत्या संशयाला कोणते स्टेन मागवतात हे एवढ्या वर्षांत अंगात मुरतंच. मामाला जठराचा कॅन्सर आहे हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचं ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले होते. जठराच्या साध्या कॅन्सरला सीडी२०, सीडी५, सायक्लिन डी१ कशाला मागवतील? ही यादी लिंफोमाची, म्हणजे लिंफोसाइट या पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरची होती.

म्हणजे त्याच जागी आणखी काहीतरी होतं, आणि ते आमच्या घरात सगळ्यांच्या आधी मला कळलं होतं.

मामाबद्दल सांगायला हवं. माझे वडील मी चार वर्षांची असताना गेले. मी आणि आई लालबागला मामाच्या खोलीत वाढलो. खोली दहा बाय बारा, गॅलरीत सामायिक नळ, आणि गावाकडून कुणी ना कुणी नेहमी मुक्कामाला. मामा १९७१ला संगमेश्वरहून आला, आधी गिरणीत बदली कामगार, मग साचे खात्यात, म्हणजे मागावर, कायम झाला. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, आणि त्यानंतर त्याने गिरणीत पुन्हा पाऊल ठेवलं नाही. पुढची वीस वर्षं वॉचमनची नोकरी केली. त्या पगारातून माझं डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, झालं. तो माझा मामा आहे आणि माझा बापही तोच आहे.

पोटाची तक्रार त्याला कायमचीच. ‘पित्त आहे’ म्हणायचा. कोकम, आल्याचा तुकडा, पुढे पुढे रोज सकाळी उपाशीपोटी अ‍ॅसिड कमी करणारी गोळी. २०२१मध्ये एका ठिकाणी एंडोस्कोपी झाली होती. तिथे एक तुकडा घेतला, ‘गॅस्ट्रायटिस’ लिहिलं, एच. पायलोरी या जंतूची झटपट चाचणी निगेटिव्ह आली. मामा त्या दिवशी सकाळीसुद्धा गोळी घेऊन गेला होता. गोळी निदान दोन आठवडे बंद ठेवायची असते. तिच्यामुळे जंतू दबून राहतो आणि चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. हे त्याला कुणी सांगितलं नाही. मी विचारायला हवं होतं. मी तेव्हा तो रिपोर्ट फोनवर पाहिला आणि ‘बरं झालं’ म्हणून बाजूला ठेवला. ते मनातून जात नाही.

२०२३च्या गणपतीत तो दोन मजले चढताना तीनदा थांबला. शौचाला डांबरासारखं काळं होत होतं, ते त्याने मामीलाही सांगितलं नव्हतं. हिमोग्लोबिन ६.८ निघालं. आमच्याच हॉस्पिटलात एंडोस्कोपी केली, जठराच्या खालच्या भागात व्रण दिसला, बायोप्सीत अ‍ॅडिनोकार्सिनोमा (ग्रंथींच्या पेशींचा कॅन्सर) आला. रक्तस्राव थांबत नव्हता म्हणून आधी किमोथेरपी न देता सरळ ऑपरेशन ठरलं. जठराचा खालचा मोठा भाग आणि आजूबाजूचे लिंफ नोड काढले.

भाऊबीजेला आई वॉर्डात आली. तिथे निरांजन लावता येत नाही, म्हणून तिने अंगठी आणि सुपारीनेच ओवाळलं. मामाने उशीखालून पाकीट काढून दिलं. त्या अवस्थेतही त्याने मामीकडून पाकीट मागवून ठेवलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हा कागद.

ब्लॉक सात मी बर्फावर थंड केला. मेणात बसलेला जठराच्या भिंतीचा तुकडा, नखाएवढा. तीन मायक्रॉनचे काप घेतले. रिबन वॉटर बाथवर अलगद पसरली, सुरकुती आली नाही. हात थरथरत नव्हते याचं मला अजून आश्चर्य वाटतं. एकाच ब्लॉकमधून एकापाठोपाठ एक सात काप, सात स्लाइडवर. मग ओव्हन, मग मेण उतरवणं, मग प्रेशर कुकर. आमच्याकडे अँटिजेन रिट्रायव्हल, म्हणजे स्टेन लागावं म्हणून पेशीतली प्रथिनं मोकळी करणं, अजून कुकरमध्येच होतं. शिट्टी होईपर्यंत मी त्याच्यासमोर स्टुलावर बसून राहिले.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नेहमीच्या गुलाबी-निळ्या रंगात पेशीचा आकार दिसतो, पण पेशी कुठल्या घराण्यातली हे दर वेळी कळत नाही. म्हणून ठरावीक प्रथिनाला चिकटणारं अँटिबॉडी लावतात. ते जिथे चिकटेल तिथे शेवटी तपकिरी रंग उठतो. सायटोकेरॅटिन अस्तराच्या पेशींत असतं, आणि जठराचा नेहमीचा कॅन्सर तिथूनच, ग्रंथींच्या पेशींतून होतो. सीडी२० हे बी-लिंफोसाइटचं. बी-लिंफोसाइट म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, रोगाशी लढणारा.

संध्याकाळी स्लाइड तयार झाल्या. रंग नीट उठला की नाही ते पाहायला त्या मायक्रोस्कोपखाली धराव्याच लागतात. पहिल्या स्लाइडवर सायटोकेरॅटिन: डाव्या बाजूच्या वेड्यावाकड्या ग्रंथी गडद तपकिरी, उजवी बाजू फिकट निळी. दुसरी स्लाइड लावली, सीडी२०. आता डावी बाजू फिकट आणि उजवीकडचं सगळं शेत तपकिरी. मधे कुंपण नव्हतं. काही ठिकाणी दोन्ही एकमेकांत शिरले होते. मी दोन्ही स्लाइड तीन-तीनदा आलटून पालटून पाहिल्या. मग लॅबच्या मागच्या जिन्यात जाऊन रडले.

मॅडमनी दुसऱ्या दिवशी मला शेजारी बसवून दाखवलं. सीडी५, सीडी१०, सायक्लिन डी१ निगेटिव्ह, म्हणजे लिंफोमाचे इतर काही प्रकार बाद. निळ्या पेशी, म्हणजे त्या लिंफोसाइट, जठराच्या चांगल्या ग्रंथींत घुसून त्यांच्या भिंती मोडत होत्या. हा माल्ट लिंफोमा, अस्तरात वस्ती केलेल्या बी-लिंफोसाइटचा, हळू वाढणारा. केआय-६७च्या स्लाइडवर तर दोन्ही आजारांचा वेग शेजारी-शेजारी दिसत होता. हे स्टेन विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींवर उठतं. कार्सिनोमाच्या बाजूला तपकिरी केंद्रकं खच्चून भरलेली, लिंफोमाच्या बाजूला तुरळक.

“बायोप्सीत का नाही दिसलं?” मी विचारलं. आरोप म्हणून नाही, मला समजून घ्यायचं होतं.

बायोप्सीचे तुकडे वरच्यावरचे आणि तांदळाच्या दाण्याहून लहान असतात. त्यांत लिंफोसाइटची गर्दी होती, पण व्रणाजवळ सूज असतेच, तिथे या पेशी येतातच. शेजारी ठळक कार्सिनोमा दिसत असताना त्या गर्दीकडे सूज म्हणूनच पाहिलं जातं. मॅडमनी आता वेगळं पाहिलं, कारण कार्सिनोमापासून लांबच्या, वरवर निव्वळ जाड दिसणाऱ्या घड्यांचेही ब्लॉक ग्रॉसिंगला, म्हणजे काढलेलं जठर कापून तुकडे निवडताना, घेतले होते, आणि तिथेही तीच गर्दी होती. फक्त व्रणाचेच तुकडे घेतले असते तर ही गोष्ट निसटली असती.

मला मोठा धक्का रिपोर्टच्या एका ओळीने बसला. जठर जिथे कापलं त्या वरच्या कडेवर कार्सिनोमा नव्हता, पण लिंफोमाच्या पेशी होत्या. म्हणजे एक आजार बाहेर काढला गेला होता आणि दुसरा थोडा आतच होता.

ते दोन दिवस मी रोज वॉर्डात जात होते. मामा विचारायचा, “काय बाय, आला का रिपोर्ट?” मी म्हणायचे, “काम चालू आहे, मामा.” खोटं नव्हतं. पण रिपोर्ट डॉक्टरांनी सांगायचा, टेक्निशियनने जिन्यात कुजबुजायचा नाही, हा नियम मी दुसऱ्यांच्या बाबतीत २२ वर्षं पाळला. मामाच्या बाबतीत मोडला असता तर मला दुसऱ्या कुणासमोर उभं राहता आलं नसतं. शनिवारी सर्जन आणि मेडिकल ऑन्कोलॉजिस्ट दोघे आले. मामी, माझा मामेभाऊ आणि मी उभे होतो. सरांनी कागदावर जठराचं चित्र काढून दोन रंगांच्या पेनांनी समजावलं.

मामीने विचारलं, “एकाचंच दुसरं झालं का? पसरला का?”

हाच प्रश्न पुढे सगळ्यांनी विचारला, आणि तो स्वाभाविक आहे. नाही, एकातून दुसरा निघालेला नाही. दोघांच्या पेशी वेगळ्या, स्टेज वेगळी मोजायची, औषधं वेगळी. लिंफ नोडमध्ये कार्सिनोमा दोन ठिकाणी होता, लिंफोमा एकातही नव्हता.

मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “घडी खात्यात तपासणीला एक पोरगा होता. ताग्यात एक डाग सापडला की खूण करून पुढचा तागा ओढायचा. म्हातारा जॉबर त्याला रोज ओरडायचा, एक सापडला म्हणून थांबू नको, शेवटच्या वारापर्यंत बघ.”

मॅडमना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले.

आपल्या भाषेत एक अडचण आहे, ती मला या काळात फार जाणवली. ट्यूमरला आपण गाठ म्हणतो आणि लिंफ नोडलाही गाठच म्हणतो. नातेवाइकांचे फोन यायचे: “दोन गाठी होत्या म्हणे?” “गाठींत गेलंय म्हणे?” कोण कशाबद्दल बोलतंय कळायचं नाही. चिंचपोकळीच्या काकांनी तर गावाला ‘शेवटची स्टेज’ अशी बातमी पोचवली. मग मी सगळ्यांशी बोलताना ‘ट्यूमर’ आणि ‘नोड’ असेच शब्द वापरायला लागले. मामीही शिकली. ती आता ‘नोड’ अगदी सहज म्हणते.

विम्याच्या फॉर्मवर निदानाला एकच ओळ होती. मामेभावाने दोन्ही नावं बसवून लिहिली, तर ‘निदान निश्चित करून कळवा’ असं पत्र आलं. निदान निश्चितच होतं, ते दोन होते. त्या एका पत्रामागे तीन आठवडे गेले. ज्याच्या घरात माणूस आजारी आहे त्याच्याकडून तीन आठवडे असे खर्च करवून घेऊ नयेत.

स्लाइड आणि ब्लॉक दुसऱ्या मतासाठी टाटाला नेले. मामाचे ब्लॉक मी स्वतः डब्यात घालून परळला चालत घेऊन गेले. मेण वितळेल म्हणून उन्हाच्या आत. तिथेही हेच मत आलं. लिंफोमात ११ आणि १८ नंबरच्या क्रोमोसोमच्या तुकड्यांची अदलाबदल झाली आहे का, ही तपासणीही निगेटिव्ह आली. ती अदलाबदल असेल तर माल्ट लिंफोमा सहसा अँटिबायोटिकला दाद देत नाही. त्या निगेटिव्हवर आम्ही सगळे किती अवलंबून होतो ते शब्दांत सांगता येणार नाही.

हो, अँटिबायोटिक. कॅन्सरवर अँटिबायोटिक म्हटल्यावर मामाचा विश्वास बसेना. स्लाइडवर एच. पायलोरी सापडला होता, जठरात राहणारा वळणदार जंतू. रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थला तो लॅबमध्ये वाढवला. त्याने जठराला सूज येते यावर कुणी विश्वास ठेवेना, तेव्हा मार्शलनी १९८४मध्ये तो स्वतः पिऊन पाहिला आणि आजारी पडले. २००५मध्ये दोघांना नोबेल मिळालं. मामाला ही गोष्ट इतकी आवडली की शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही त्याने ती सांगितली.

निरोगी जठरात लिंफोसाइटची वस्ती नसतेच. जंतू वर्षानुवर्षं मुक्काम करतो, त्याच्याशी लढायला त्या पेशी तिथे येतात, राहतात, आणि फार थोड्या माणसांत त्यातलाच एक गट हाताबाहेर जातो. तोच जंतू त्याच काळात अस्तराचीही झीज करत असतो, आणि त्यातून काहींना कार्सिनोमा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९९४मध्येच त्याला कॅन्सर करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. आपल्याकडे हा जंतू असंख्य लोकांच्या पोटात असतो आणि बहुतेकांना त्यातलं काहीच होत नाही. मामाला दोन्ही झालं.

माल्ट लिंफोमाचं वर्णन पीटर आयझॅक्सन आणि डेनिस राइट यांनी १९८३मध्ये केलं. दहा वर्षांनी आयझॅक्सन यांच्या गटाने सहा रुग्णांना जंतू मारायची औषधं दिली, आणि पाच जणांचा लिंफोमा दिसेनासा झाला. सहातले पाच. हा आकडा मी कॉलेजात परीक्षेसाठी पाठ केला होता. डिसेंबरच्या त्या रात्रींत मी तो मनातल्या मनात घोकत होते.

मामाला १४ दिवस दोन अँटिबायोटिक, बिस्मथ आणि अ‍ॅसिडची गोळी. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला मामीचा फोन: “पुन्हा काळं झालं गं!” माझेही पाय गळाले. मग आठवलं. बिस्मथने शौचाला काळं होतं, जीभही काळी पडते. “मामी, त्याची जीभ बघ,” मी म्हटलं. पलीकडून आवाज आला, “काळी कुळकुळीत आहे.” ती रडायलाच लागली. हे आधी एका वाक्यात सांगितलं असतं तर ती पहाट टळली असती. ज्याच्या आजाराची सुरुवातच काळ्या रंगाने झाली, त्याला हे सांगायलाच हवं. तुमच्याकडे कुणाला ही औषधं सुरू होत असतील तर तुम्ही सांगा.

मग कार्सिनोमासाठी किमोथेरपी, कारण वेगाने धावणारा तो होता आणि नोडमध्ये पोचलाही होता. दर तीन आठवड्यांनी ऑक्सॅलिप्लॅटिन, सोबत कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, अशी आठ आवर्तनं, २०२४च्या जानेवारीपासून. ऑक्सॅलिप्लॅटिनने थंडाचा स्पर्श सोसत नाही. फ्रिजचं हँडल धरलं की बोटांत सुया टोचायच्या. एप्रिलच्या घामात मामा कोमट पाणी प्यायचा आणि मामीने त्याच्यासाठी हातमोजे विणले. पाचव्या आवर्तनानंतर तळपायाची सालं निघाली, तेव्हा डोस कमी केला. त्या महिन्यांबद्दल जास्त लिहिवत नाही.

जेवण बदललं. उरलेल्या जठरात थोडंच मावतं, म्हणून दिवसातून सहा वेळा मूठ-मूठभर. गोड एकदम खाल्लं की छातीत धडधड आणि घाम. ज्या माणसाने संपाच्या वर्षी स्वतःच्या ताटातली भाकरी आमच्या ताटात घातली, तो आता अर्धी पोळी डब्यात घेऊन हिंडतो.

डॉक्टरांनी जवळच्या रक्ताच्या नात्यातल्यांना जंतूची तपासणी करायला सांगितलं. मामेभावाने लगेच केली. आई तयार होईना, शौचाचा नमुना द्यायची तिला लाज वाटत होती. “त्या दहा बाय बारात एकाच ताटात जेवलात ना भाऊ-बहीण?” असं मी विचारलं तेव्हा गेली. पॉझिटिव्ह आली. तिचे १४ दिवस मी आधीच काळ्या जिभेची कल्पना देऊन सुरू केले.

मामाची जंतूची श्वासाची तपासणी निगेटिव्ह आली. पण लिंफोमा एका झटक्यात जात नाही, महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. मार्चच्या तुकड्यांत तो होता. सप्टेंबरच्या तुकड्यांत पुंजके लहान झाले होते, पण होते. मॅडमनी ‘अंशतः प्रतिसाद’ लिहिलं, आणि ऑन्कोलॉजिस्ट म्हणाले, घाई नको, रेडिएशन हाताशी आहे, पण आत्ता थांबू.

परवा पुन्हा एंडोस्कोपी झाली. मी लॅबमधून खाली गेले तेव्हा मामा बाकावर बसला होता, मांडीवर डबा. घसा सुन्न होता म्हणून अजून काही खायचं नव्हतं.

“किती तुकडे घेतले?” त्याने जड जिभेने विचारलं.

“बारा.”

“सगळे एकाच जागचे?”

“नाही. चार जागचे, चार बाटल्या. जुन्या जोडाजवळचे वेगळे.”

त्याने बोटांवर काहीतरी मोजलं. मग मामीला विचारलं, किती वाजले, आणि डबा तसाच बंद ठेवून भिंतीला टेकला. मी वर जाऊन बाटल्यांचे नंबर रजिस्टरमध्ये चढवले.